पाच हजारांत प्लांटेड टँक: पैसे झाडांवर घाला, यंत्रांवर नको

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकला राहतो, घरात दोन बाय एक बाय एक फुटाची मत्स्यटाकी ठेवायची आहे, पण प्लास्टिकची झाडं नकोत, खऱ्या पाणवनस्पती हव्यात. दुकानदाराने काढून दिलेल्या यादीत सीओटूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूचा सिलिंडर, आयात केलेली माती, टाकीबाहेर ठेवायचा कॅनिस्टर फिल्टर आणि रंगीत आरजीबी लाइट आहे. बेरीज सतरा हजारांच्या पुढे जाते आणि हातात पाच हजार आहेत. होईल का?

होईल, आणि यादीतली ती चारही नावं खोडून होईल. फक्त ती का खोडायची हे आधी समजून घ्या, नाहीतर सहा महिन्यांनी त्यातलीच एखादी वस्तू नेमकी चुकीची निवडून घरी आणाल.

दुकानदाराची यादी खोटी नाही. जपानच्या ताकाशी अमानो यांनी जी ‘नेचर अ‍ॅक्वेरियम’ शैली जगभर पोचवली, तिची ती यादी आहे. भरपूर प्रकाश, बाहेरून सोडलेला कार्बन डायऑक्साइड, रोजचं मोजून दिलेलं खत आणि दर आठवड्याला कात्री. दुसरी वाट अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड यांनी नव्वदच्या दशकात नीट मांडली. तळाशी साधी माती, वर वाळूचा थर, मध्यम प्रकाश आणि पहिल्या दिवसापासून गच्च झाडं. तुमच्या खिशाला दुसरी वाट परवडते, आणि माझ्या मते घरात ठेवायच्या टाकीला तीच जास्त शोभते.

दोन्हींतला फरक कार्बनचा आहे. पाण्यात हा वायू हवेपेक्षा साधारण दहा हजार पट हळू पसरतो. उघड्या टाकीतल्या पाण्यात तो लिटरला जेमतेम अर्धा-पाऊण मिलिग्रॅम असतो, आणि सिलिंडरवाले तो वीस-तीस मिलिग्रॅमपर्यंत नेतात. म्हणजे तुमच्या झाडांच्या वाट्याला कार्बन कमीच येणार. अशा वेळी वरून लख्ख प्रकाश पाडला तर झाडांना तो वापरता येत नाही, शेवाळाला येतो. कमी खर्चात केलेल्या ज्या टाक्या हिरव्या सूपासारख्या होऊन शेवटी गच्चीत जाऊन पडतात, त्यांतल्या बहुतेकींचं कारण हेच असतं: दिवा मोठा आणि झाडं चार. म्हणून पाच हजारांतला सगळ्यात मोठा हिस्सा झाडांना द्यायचा.

माझी वाटणी अशी असेल. टाकी बाराशे, एलईडी पट्टी आणि टायमर मिळून सहाशे, स्पंज फिल्टर आणि हवेचा पंप पाचशे, माती आणि वाळू तीनशे, लाकूड किंवा दगड तीनशे, झाडं पंधराशे, मासे तीनशे आणि सायफनची नळी, क्लोरीनचं औषध, अमोनियाची चाचणी यांना तीनशे. भाव गावागणिक थोडे इकडेतिकडे होतील. काही कापायचंच झालं तर लाकूड-दगड कापा, झाडं नको. टाकी जुनी मिळाली तर ती पाणी भरून दोन दिवस अंगणात ठेवून पाहा आणि वाचलेले पैसेही झाडांवरच घाला.

टाकीत काठोकाठ ५४ लिटर पाणी मावतं. माती, वाळू, काच धरून ती सत्तर-पंचाहत्तर किलोंना जाते, तेव्हा टीव्हीच्या पोकळ स्टँडवर ठेवू नका. कडप्प्याचा ओटा असेल तर उत्तम. खाली थर्माकोलची शीट घाला आणि स्पिरिट लेव्हल लावून पाहा. खिडकीतलं थेट ऊन टाकीवर येता कामा नये.

आता माती. इथे थोडा वेळ काढा, कारण पुढची दोन-तीन वर्षं झाडं तिच्यावरच जगणार आहेत. नर्सरीतून लाल माती किंवा नदीकाठची पोयट्याची माती घ्या आणि ‘खत न मिसळलेली’ असं स्पष्ट सांगून घ्या. शेणखत, कोंबडखत, निंबोळी पेंड मिसळलेली तयार कुंडीची माती चालत नाही, ती पाण्यात गेली की माशांना घातक असा अमोनिया सोडते. शेतातली काळी मातीही नको. ती फुगते, चिकट होते आणि जरा धक्का लागला की सगळं पाणी गढूळ करते.

आणलेली माती घमेल्यात घालून वर चार बोटं पाणी येईल इतकी भिजवा आणि हाताने कालवा. काड्या, मुळं, पालापाचोळा तरंगून वर येईल. ते पाणी ओतून टाका. मग माती जुन्या पत्र्यावर किंवा ताडपत्रीवर पातळ पसरा, दोन दिवस ओलसर राहू द्या, नंतर कडक वाळू द्या. असं तीन-चार वेळा करा. ओल असताना मातीतले जीवाणू उरलेलं सेंद्रिय द्रव्य खाऊन त्यातल्या अमोनियाचं नायट्रेट करतात, आणि पुढच्या धुण्यात ते निघून जातं. पहिल्या वेळी ओतलेलं पाणी चहासारखं तांबडं असतं आणि त्याला कुजका वास येतो. चौथ्या वेळी ते जवळपास स्वच्छ निघतं आणि माती हातात घेतली तर पावसाच्या पहिल्या सरीनंतर येतो तसा वास येतो. तो वास आला की माती तयार. शेवटी गव्हाच्या चाळणीतून काढून घ्या. एक इंचाचा थर पुरतो, म्हणजे तुमच्या टाकीला साडेचार लिटर माती. समोरच्या काचेलगत दोन इंच पट्टा मोकळा सोडून तिथे नुसती वाळू घाला. समोरून मातीचा पट्टा दिसत नाही आणि काचेला लागून मातीत शेवाळही धरत नाही.

वरचा वाळूचा थर दीड इंच हवा. बांधकामाची बारीक वाळू इतकी घट्ट बसते की खालच्या मातीला श्वासच मिळत नाही. मी पाण्याच्या मोठ्या फिल्टरमध्ये भरतात ती सिलिका वाळू घेतो. दाणा एक ते दोन मिलिमीटर, स्वस्त आणि पोत्यातून सुटी मिळते. तुम्हाला दहा-बारा किलो लागेल. क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, वापरायची असेल तर तिची धूळ जाईपर्यंत बादल्यांवर बादल्या पाणी घालून धुवावी लागते. कोणतीही वाळू किंवा खडा टाकीत घालण्याआधी त्यावर थोडं व्हिनेगर टाकून बघा. फेस आला तर त्यात चुना आहे, तो पाणी जड करत राहील. याच कारणाने संगमरवराचे तुकडे आणि शिंपले नकोत. आपला काळा बेसाल्ट मात्र बिनधास्त घाला, तो पाण्यात काहीच सोडत नाही आणि हिरव्या पानांमागे फार देखणा दिसतो.

दिव्यासाठी विजेच्या दुकानातली दोन फुटी, १० वॉटची, ६५०० केल्विनची एलईडी पट्टी आणा. ती साधारण हजार ल्युमेन प्रकाश देते, म्हणजे लिटरला वीसच्या आसपास, आणि सीओटू नसलेल्या टाकीला तेवढा पुरे. रंगीत लाइटची गरज माशांचे रंग खुलवायला असेल, झाडांना नाही. पट्टी पाण्याच्या वर सहा-सात इंचांवर, पाणी उडणार नाही अशी बसवा. टायमर मात्र टाळू नका. हाताने दिवा लावणाऱ्या घरात तो पाहुणे आले की रात्री अकरापर्यंत चालू राहतो. पहिला महिना रोज सहा तास, नंतर सात, फार तर आठ. महिन्याला दोन-अडीच युनिटांपेक्षा जास्त वीज जाळत नाही.

फिल्टर म्हणून स्पंज आणि हवेचा पंप. बुडबुडे जोरात सोडू नका, कारण मातीतून जो काही कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरतो तो खळखळाटाने हवेत निघून जातो. पृष्ठभाग हलका हलत राहिला की झालं. आणखी एक, पंप नेहमी पाण्याच्या पातळीच्या वर टांगा किंवा नळीत उलटझडप बसवा. वीज गेली की पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं, आणि तिथून भिंतीच्या प्लगपर्यंत पोचतं.

आता झाडांची खरेदी. दुकानातल्या पाणवनस्पतींच्या टबात बऱ्याचदा अशी झाडं असतात जी पाण्याखाली जगतच नाहीत. लकी बांबू, पांढऱ्या कडांचं ड्रॅसिना, अ‍ॅग्लोनिमा, जांभळ्या खडबडीत पानांचं हेमिग्राफिस. बुडवलेली ती महिना-दोन महिने तग धरतात आणि मग देठापासून कुजतात. ओळख सोपी आहे. झाड पाण्याबाहेर काढून धरा. खरी पाण्यात वाढलेली फांदी लुळी पडते, तिची पानं पातळ असतात. जी ताठ उभी राहते, पानांवर मेणासारखी चकाकी असते किंवा पांढरे पट्टे असतात, तिच्याबद्दल विचारून घ्या. यात अपवाद अनुबियास आणि जावा फर्नचा, त्यांची पानं जाडच असतात आणि ती पाण्यात उत्तम जगतात. त्यांचा आडवा कंद वाळूत पुरायचा नाही, दोऱ्याने दगडाला किंवा लाकडाला बांधायचा.

पंधराशेतले निम्म्याहून जास्त पैसे झपाट्याने वाढणाऱ्या, स्वस्त झाडांवर घाला: वॅलिसनेरिया, हॉर्नवर्ट, हायड्रिला, वॉटर स्प्राइट, वॉटर विस्टेरिया. यांतली बरीच आपल्याच देशातल्या तळ्या-ओढ्यांतली आहेत, त्यामुळे आपलं पाणी आणि उन्हाळा त्यांना नवा नाही. सोबत दोन-तीन क्रिप्टोकोराइन वेंडटाय, एक-दोन अनुबियास, थोडं जावा मॉस. नीरब्राह्मी म्हणजे बाकोपा मिळाली तर जरूर घ्या. नर्सरीत ब्राह्मी मागितल्यावर गोल, दातेरी पानांची वेल पुढे केली तर ती वेगळी वनस्पती. बाकोपाची पानं लहान, मांसल, समोरासमोर जोडीने येतात. लागवड झाल्यावर वरून पाहिलं तर वाळूचा तीन-चतुर्थांश भाग झाकलेला दिसला पाहिजे. विरळ वाटत असेल तर हॉर्नवर्टच्या आणखी दोन जुड्या आणून नुसत्या तरंगत सोडा.

टाकीच्या मागच्या काठावर मनीप्लँटच्या तीन-चार फांद्या, मुळं पाण्यात आणि पानं बाहेर, अशा अडकवा. त्या कार्बन हवेतून घेतात, म्हणून त्यांना बुडालेल्या झाडांची मर्यादा नाही, आणि पाण्यातलं नायट्रेट मात्र जोरात शोषतात. फुकटात मिळणारा यापेक्षा चांगला फिल्टर मला माहीत नाही.

झाडांसोबत गोगलगाईंची अंडी येतात. नको असतील तर चार लिटर पाण्यात दोन-तीन मोठे चमचे तुरटीची पूड विरघळवून झाडं दोन-तीन तास बुडवून ठेवा आणि नंतर स्वच्छ धुवा. नाजूक मॉसला इतका वेळ देऊ नका.

लावण्याआधी टाकीत फक्त वाळू भिजेल एवढं पाणी घ्या. झाडं चिमट्याने तिरकी खुपसा म्हणजे ती वर येत नाहीत. मग वाळूवर ताटली ठेवून तिच्यावर बारीक धारेने पाणी सोडा. घाईने ओतलंत तर माती वर येईल आणि धुण्या-चाळण्याची सगळी मेहनत वाया जाईल.

पाण्याचं म्हणाल तर सह्याद्रीतल्या धरणांचं पाणी सहसा मऊ असतं, त्यात बहुतेक झाडं खूश असतात. महापालिकेच्या पाण्यातला क्लोरीन चोवीस तास उघड्या बादलीत ठेवल्याने बराचसा उडतो. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट, म्हणजे दुकानात ‘हायपो’ म्हणून मिळणारे खडे. १० ग्रॅम १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा आणि दहा लिटरच्या बादलीला एक मिलिलिटर टाका. बोअरचं जड पाणी असेल तर वॅलिसनेरिया आणि हॉर्नवर्टवर भर द्या. आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी मात्र टाकीत घालू नका, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात.

पहिले सहा आठवडे मासे नाहीत. नवी माती अमोनिया सोडते, त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड निम्मं पाणी बदला, दुसऱ्या आठवड्यात दोनदा, मग आठवड्यातून एकदा पाव हिस्सा. ओळखीच्या कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या स्पंजचा पिळलेला गाळ आणून तुमच्या स्पंजवर घाला, मुदत बरीच कमी होते. या काळात क्रिप्टोकोराइनची पानं पातळ होऊन विरघळतील. उपटू नका, मुळं जिवंत असतात आणि नवी पानं त्याच जागेतून येतात. काचेवर आणि पानांवर तपकिरी थर येईल, बोटाने पुसला जातो, महिन्याभरात आपोआप जातो. हिरवे धागे दिसू लागले तर जुन्या टूथब्रशवर गुंडाळून काढा आणि दिव्याचा एक तास कमी करा. शेवाळनाशक औषधाची बाटली आणू नका.

खताचं नाशिककरांना सांगायला मला विशेष आवडतं, कारण द्राक्षबागांमुळे तुमच्या प्रत्येक कृषी सेवा केंद्रात लागणारी खतं असतात. दुकानात लहान बाटलीला तीन-चारशे रुपये मोजतो ते द्रावण मुख्यतः पोटॅशियम नायट्रेट असतं, म्हणजेच बागायतदारांचं १३:००:४५. सोबत फॉस्फेटसाठी ००:५२:३४. अर्धा लिटर पाण्यात पहिलं २० ग्रॅम आणि दुसरं २ ग्रॅम विरघळवा. आठवड्याला १० मिलिलिटर दिलं की तुमच्या टाकीत लिटरला सुमारे ५ मिलिग्रॅम नायट्रेट आणि अर्धा मिलिग्रॅम फॉस्फेट पडतं. लोहासाठी १२ टक्के चिलेटेड फेरस वेगळ्या बाटलीत, अर्ध्या लिटरला २ ग्रॅम, तेही आठवड्याला १० मिलिलिटर, पण दुसऱ्या दिवशी. एकाच बाटलीत घातलंत तर लोह आणि फॉस्फेट मिळून साका बसतो. पण हे सगळं पहिले दोन-तीन महिने नको, तेव्हा माती पुरेसं देते. जुनी पानं पिवळी पडायला लागली तर पहिली बाटली, नवी पानं फिकट निघाली तर दुसरी. १९:१९:१९ कधीही नको. त्यात युरिया आणि अमोनियाच्या रूपातला नत्र असतो, मासे जातील. फवारणीची मिश्र सूक्ष्म अन्नद्रव्यंही टाळा. त्यांत जस्त आणि तांबं पिकांच्या हिशोबाने घातलेलं असतं आणि पुढे टाकीत झिंगे सोडलेत तर त्यांना तांबं सोसत नाही.

चाचणीत अमोनिया शून्य दिसला आणि नवी पानं फुटत असली की मासे आणा. एकदम नाही, पाच-सहा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तितकेच. गप्पी किंवा झेब्रा डॅनिओ, आपल्या उन्हाळ्याला पक्के. गप्पी पुष्कळ ठिकाणी पालिकेचा हिवताप विभाग डासांसाठी मोफत देतो, ते रंगाने साधे पण चिवट असतात. नंतर चेरी श्रिम्प, म्हणजे छोटे लाल झिंगे, सोडले तर ते पानं साफ ठेवतात. गोल्डफिश नको, तो झाडं उपटतो आणि खातो. सकर मासाही नको. शेवाळ खातो म्हणून दोन इंचांचा विकतात, वाढून फूटभराचा होतो, आणि मग लोक तो नदीत सोडतात. आपल्या नद्या-तलावांत तो त्याच रस्त्याने पसरला आहे. छाटलेल्या वनस्पतीही गोदावरीत किंवा ओढ्यात टाकू नका, उन्हात वाळवून कुंडीत घाला. जलपर्णीने आपल्या नद्यांचं काय केलंय ते तुम्ही पाहताच.

एप्रिल-मेमध्ये पाणी तिशीच्या वर गेलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. झाकण काढा आणि छोटा टेबलफॅन पृष्ठभागावर तिरका लावा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. रोज कमी होणारं पाणी भरत जा आणि त्या दिवसांत खाणं निम्मं करा. आठवडाभर गावी जात असाल तर शेजाऱ्यांना खाणं घालायला सांगू नका. झाडांच्या टाकीत पूर्ण वाढलेले मासे आठवडाभर आरामात काढतात, आणि शेजारी प्रेमाने मूठभर घालतात.

शेवटी तुम्ही विचारलंय की पुढे पैसे जमले तर सीओटू जोडता येईल का. येईल, याच टाकीला, माती न बदलता. पण वर्षभर अशीच चालवा आणि मग ठरवा. त्या वेळी आधी सिलिंडर आणि रेग्युलेटर जोडा, नंतर दुसरी पट्टी लावा, याच क्रमाने. यीस्ट-साखरेच्या बाटलीच्या भानगडीत पडू नका. तिचा वायू कधी जोरात, कधी बंद असा येतो, आणि असं चढउतार होणारं प्रमाण शेवाळाला आवडतं.

मातीपासून सुरुवात करा. तिला तीन-चार आठवडे लागतील, तेवढ्या वेळात टाकी, दिवा आणि झाडं सावकाश शोधून होतात.